कुलपातली गाणी

बाईंना ओरडता येत नव्हतं, हीच त्या सकाळची सगळ्यात मोठी अडचण होती.

एरवी एवढं ऐकल्यावर त्यांनी स्टुडिओ डोक्यावर घेतला असता. आख्खी हयात गाण्यात गेलेली. वरच्या पट्टीत गायल्या की बंद दाराबाहेरून जाणारा माणूस थबकायचा, आणि रागावल्या की तोच माणूस पाय लावून पळायचा. पण गेल्या थंडीत गळ्यात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि बाईंच्या हातात टॉर्चएवढं एक यंत्र ठेवलं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. यंत्र घूं करतं आणि त्या घूंमधून शब्द उमटतात, सगळे एकाच सुरात. लाड करा, शिव्या द्या, भाजीवाल्याशी घासाघीस करा, सूर तोच. बाई त्या यंत्राला भुंगा म्हणत आणि त्याचा मनापासून तिरस्कार करत.

तर त्या भुंग्यातून बाई म्हणाल्या, "पुन्हा सांग."

समोर त्यांचा भाचा बसला होता. भावाचा मुलगा, तिशी उलटलेला, पण चेहरा काच फोडून आलेल्या शाळकरी पोरासारखा. स्टुडिओ त्याचाच. घराच्या मागचं गॅरेज, भिंतींना काळ्या फोमचे चौकोन, कोपऱ्यात माइक, टेबलावर दोन मोठे स्पीकर आणि कॉम्प्युटरचा एवढा थोरला पडदा.

"आत्या, सगळं लॉक झालंय."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे सगळं. फायली दिसतायत, पण उघडत नाहीत."

"माझी गाणी?"

भाच्याने नुसता पडदा त्यांच्याकडे वळवला. बाईंनी चष्मा चढवला. गाण्यांची नावं होती, एकाखाली एक. पण प्रत्येक नावाला कसल्याशा अगम्य अक्षरांची शेपटी लागली होती. मधोमध एक काळा चौकोन आणि त्यात कुणीतरी मोडक्यातोडक्या भाषेत पैसे मागितले होते. पैसे द्या, कुलूप काढतो.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ती गाणी म्हणजे कुणाच्या जाहिरातीची तुणतुणी नव्हती. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा बाईंनी डॉक्टरांकडून थोडे दिवस मागून घेतले होते. डॉक्टर कुरकुरले, बाई ऐकल्या नाहीत. स्वतः रचलेली, कधीच कुठे रेकॉर्ड न केलेली गाणी त्यांच्याकडे होती, ती त्यांना जाण्याआधी, म्हणजे आवाज जाण्याआधी, गाऊन ठेवायची होती. रोज सकाळी त्या या गॅरेजमध्ये यायच्या, गरम पाण्याची बाटली मांडीवर धरून गायच्या. शेवटचं गाणं संपलं तेव्हा त्या भाच्याला एवढंच म्हणाल्या होत्या, "झालं बाबा. आता हे तुझ्या ताब्यात." नंतर त्या निवांतपणे दवाखान्यात गेल्या. आवाज गेला तरी गाणी आहेत, या एका गोष्टीवर त्यांनी पुढचे सगळे महिने काढले होते.

"ऊठ," भुंगा म्हणाला. "ती डिस्क काढ. कुणाला तरी दाखवू."

बिघडलेल्या डिस्कांमधून माहिती परत काढून देणारी एक दुरुस्तीवाली गावात होती. केसांत पेन्सिल खोचलेली, समोर उघड्या पडलेल्या डिस्कांचा ढीग, आणि चेहऱ्यावर असा भाव, की खोटं बोललात तरी मला कळणारच आहे, तेव्हा वेळ वाचवा. तिने डिस्क जोडली, थोडा वेळ पाहिलं आणि भाच्याला विचारलं, "शेवटचं काय इन्स्टॉल केलं होतं?"

"एक प्लगिन," भाचा म्हणाला. "आवाज साफ करायचं. म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं छोटं सॉफ्टवेअर."

"प्लगिन म्हणजे काय ते माहितेय मला. विकत घेतलेलं?"

भाच्याने कोपऱ्यातल्या पंख्याकडे पाहिलं.

"क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं," दुरुस्तीवालीने स्वतःच उत्तर दिलं. "बरोबर एक सूचनांची फाइल असेल. त्यात लिहिलेलं, की अँटीव्हायरस बंद करा. तो ओरडेल, तिकडे लक्ष देऊ नका."

"तो बंदच होता," भाचा पुटपुटला. "रेकॉर्डिंग करताना आम्ही कायमच बंद ठेवतो. नाहीतर कॉम्प्युटर अडखळतो, आवाजात टकटक येते. सगळे साउंडवाले ठेवतात."

"म्हणजे चोर यायच्या आधीच तुम्ही कुत्रा बांधून ठेवला होता. वर चोराला दार उघडून दिलंत. बरं, या गाण्यांची दुसरी प्रत?"

"आहे ना. दुसऱ्या डिस्कवर."

"ती कुठे होती तेव्हा?"

"कॉम्प्युटरलाच लावलेली होती."

दुरुस्तीवालीने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "म्हणजे तीही गेली. रेकॉर्डरमधलं कार्ड?"

"पुसलं. त्यावर दुसरं काम घेतलं."

"कसलं काम?" हे भुंग्याने विचारलं.

"गाद्यांच्या दुकानाची जाहिरात होती, आत्या."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. आयुष्यभराची गाणी पुसून त्यावर या पोराने गाद्या अंथरल्या होत्या. एक सणसणीत किंकाळी छातीतून निघाली, गळ्यापर्यंत आली आणि तिथे ऑपरेशनात श्वासासाठी पाडलेल्या भोकातून नुसती वाफ होऊन बाहेर पडली. दुरुस्तीवालीने पाण्याचा ग्लास पुढे केला. बाईंनी तो बाजूला सारला.

"इंटरनेटवर कुठे चढवून ठेवली होती?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"चढवणार होतो. तिथली फुकटची जागा भरली होती."

"कशाने भरली होती?"

यावर भाच्याने पुन्हा पंख्याकडे पाहिलं, त्यातच बाईंना उत्तर मिळालं. ढापलेल्या सॉफ्टवेअरनीच भरली होती. त्याला संग्रह करायची खोडच होती. कधी उघडणारही नाही असली शेकडो प्लगिनं त्याने जमवून ठेवली होती. त्या कचऱ्याला जागा मिळाली आणि गाण्यांना मिळाली नाही.

"पैसे भरले तर?" भुंगा म्हणाला.

"मी तर कुणालाच भरा म्हणत नाही. पैसे घेऊनही किल्ली देतीलच असं नसतं. पण इथे तोही प्रश्न नाही. या चिठ्ठीतला पत्ता कधीच बंद पडलाय. चोर दुकान गुंडाळून गेले." मग तिचा आवाज जरा खाली आला. "डिस्क जपून ठेवा. या कुलपाची किल्ली कधी ना कधी कुणाला सापडेलही. पण मी तुम्हाला वाट बघा असं सांगणार नाही."

बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन होतं, माणसं आपापल्या कामाला चालली होती आणि बाईंना त्या सगळ्यांचा राग येत होता. त्या पुढे, भाचा मागे. या मुलाला चोरी म्हणजे काय हे कळत नव्हतं असं म्हणायलाही सोय नव्हती. लहानपणापासून त्याने एकच गोष्ट शंभरदा ऐकली होती. बाईंची पहिली कॅसेट निघाली आणि पंधरवड्यात तिच्या नकली प्रती फुटपाथवर आल्या, निम्म्या किमतीत, वरच्या फोटोत बाईंना चक्क मिशा फुटल्यासारख्या दिसत होत्या. कंपनीने काखा वर केल्या. बाईंनी विकणाऱ्याची हातगाडी भर रस्त्यात उलटी केली आणि त्याला कॉलरला धरून चौकीत नेलं. भाचा ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगायचा, मिशांपाशी हमखास टाळ्या घ्यायचा. आणि घरी जाऊन दुसऱ्याची मेहनत फुकटात उतरवून घ्यायचा. त्या सॉफ्टवेअरमागेही कुणीतरी पाठ मोडून बसलेलं असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"विकत का नाही घेतलंस?" बाईंनी थांबून विचारलं.

"आत्या, ते परवडतं का आपल्यासारख्यांना? सगळेच असं वापरतात."

"स्वस्तातलं काही नसतं?"

भाच्यात हजार दोष असतील, पण त्याला खोटं धड बोलता येत नसे.

"असतं," तो म्हणाला.

"काय असतं?"

"एक आहे, आधी वापरून बघा म्हणतात, आणि पटलं की अगदी थोड्या पैशांत परवाना देतात. छोट्या स्टुडिओंसाठी वेगळा दर आहे. चांगलंय, सगळं करता येतं त्यात. एक तर पूर्ण फुकट आहे, म्हणजे रीतसर फुकट, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं. माझ्या साउंडकार्डाबरोबर एकाची साधी आवृत्ती आलीच होती, मी उघडली नाही अजून. मोठी प्लगिनंही हप्त्यावर मिळतात, हप्ते फिटले की आपली. आणि आवाजातली खरखर काढायला बनवणारेच काही फुकट वाटतात, जरा कमी दर्जाची, पण…"

तो परीक्षेत पाठ केलेलं उत्तर आठवावं तसा भराभरा बोलत होता. बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"तुला हे सगळं माहीत होतं."

"हो."

"मग?"

"गिऱ्हाईक पडदा बघतं, आत्या. आलं की पहिला प्रश्न, कशावर काम करता. स्वस्तातलं नाव सांगितलं की चेहरा पडतो त्यांचा. भारी नावं दिसली की गुमान बसतात."

म्हणजे नड नव्हती. नड असती तर बाईंनी कदाचित दातओठ खाऊन गिळलंही असतं, कारण नड त्यांनीही पुष्कळ पाहिली होती. हा नुसता थाट होता. गाद्यावाल्यापुढे मिरवायचा थाट, आणि त्याच्यापायी त्यांचा गळा गेला, दुसऱ्यांदा.

"आणि ते शेवटचं मी तुझ्यासाठीच घेतलं," भाचा रडवेला होऊन म्हणाला. "तुझा आवाज बसलेला होता. खरखर येत होती ना खालच्या सुरांत. मला वाटलं ती काढावी, गाणं कसं स्वच्छ व्हावं."

बाईंनी भुंगा गळ्याला टेकवला.

"तुला कुणी सांगितलं होतं काढायला? मला गाठ झाली होती. आजारी गळ्याने गायले मी. ती खरखर माझी होती."

एवढं सगळं त्या म्हणाल्या आणि ते 'जरा मीठ दे' म्हणावं तशा सुरात बाहेर पडलं. रस्त्यावरच्या कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. या गोष्टीचा बाईंना इतका संताप आला, की त्यांनी भुंगा पर्समध्ये कोंबला आणि एकट्याच घराकडे चालू लागल्या.

पुढे त्यांनी बोलणंच टाकलं. भाच्याची आई, म्हणजे बाईंची वहिनी, समजूत घालायला आली. सोफ्याच्या कडेला टेकून म्हणाली, "वन्सं, पोराची चूक झाली, मान्य. पण रात्रंदिवस खंगतोय हो तो. आणि शेवटी कॉम्प्युटरच की तो. बिघडतात कॉम्प्युटर."

बाईंनी उठून दार उघडलं आणि उघडंच धरून उभ्या राहिल्या. वहिनीने थोडा वेळ हा इशारा आपल्याला नसावा असं करून पाहिलं. मग ती पदर सावरून निघून गेली.

त्यानंतर आले व्हायोलिनवाले. बाईंच्या मागे बसून त्यांनी निम्मं आयुष्य व्हायोलिन वाजवलं होतं आणि ते सगळं निम्मं आयुष्य बाईंना घाबरण्यात घालवलं होतं. दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, मी एक गुन्हा केलाय. आधी रागावणार नाही म्हणा."

बाईंनी असं काही म्हटलं नाही.

"तुमच्या शेवटच्या गाण्याचा कच्चा ट्रॅक," ते म्हणाले, "माझ्या जुन्या फोनमध्ये आहे."

कच्च्या ट्रॅकबद्दल बाईंचा एक कडक नियम होता. खरं रेकॉर्डिंग करण्याआधी गाणं एकदा अर्ध्या आवाजात, नुसत्या ठेक्यावर गायचं, म्हणजे साथीदारांना घरी सराव करता येतो. पक्कं गाणं झालं की तो कच्चा ट्रॅक सगळ्यांनी पुसायचा. बाईंचं कच्चं गाणं कुणाच्या कानावर पडता कामा नये. भाच्याने आयुष्यात एवढा एकच नियम इमानदारीने पाळला होता आणि सगळे कच्चे ट्रॅक वेळच्या वेळी पुसले होते.

बाईंनी भुंगा शोधला. "पुसायला सांगितलं होतं मी."

"हो बाई."

"मग?"

"बाकीचे खरंच पुसले, तुमच्या धाकाने. पण या गाण्यात तुम्ही कुठे थांबता आणि कुठे उचलता, ते मला पाठच होईना. म्हणून राहू दिला. तुमची माफी मागायला येणारच होतो."

बाकीचे खरंच पुसले. आपण माणसांना इतकं धाकात ठेवलं नसतं तर आज सगळी गाणी उरली असती, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःचाही राग आला. मग आता रागवायला कुणी उरलंच नाही म्हणून त्या चपला घालून निघाल्या.

गॅरेजमध्ये भाच्याने कॉम्प्युटर पार धुऊन काढला होता. पडद्यावर नवंच काहीतरी दिसत होतं, साधं, राखाडी, ना चमक ना दमक. दोघांना दारात पाहून तो ताडकन उठला.

"आत्या, हे ते स्वस्तातलं. परवाना काढलाय. माझ्या नावाने आहे, बघ, इथे…"

"नको दाखवूस," भुंगा म्हणाला. "लाव."

व्हायोलिनवाल्यांनी फोन दिला. भाच्याने फाइल त्या राखाडी पडद्यावर घेतली, दुसरी प्रत एका छोट्या डिस्कवर घेतली, ती डिस्क काढून व्हायोलिनवाल्यांच्या खिशात घातली आणि मगच ट्रॅक लावला. आधी ठेका आला, टक टक टक. मग बाईंचा श्वास. मग बाई गाऊ लागल्या.

अर्ध्या आवाजातच होतं सगळं. खालच्या सुरांत खरखर होती, एके ठिकाणी खोकल्या, एका ओळीला शब्द विसरल्या आणि नुसत्याच गुणगुणल्या. बाईंनी आयुष्यात कुणाला ऐकू दिलं नसतं असं गाणं होतं ते. बाई ताठ बसून ऐकत होत्या. दुसरं कडवं सुरू झालं, चढत गेलं, आणि ऐन वरच्या सुरापाशी गाणं तटकन थांबलं.

"अरे ए!"

स्पीकर थडथडले. व्हायोलिनवाले सवयीने अंग चोरून मागे सरकले.

"माणूस इथे जीव तोडून गातोय आणि तू फोन बघत बसतोस? काय दिलंय तुझ्या हातात, कळतं का तुला? काही कळतं का?"

पूर्ण आवाज होता तो, तेव्हा रेकॉर्डिंगला बसलेल्या भाच्यावर सुटलेला. धारदार, वर चढणारा, शेवटच्या शब्दाला फटकन खाली आदळणारा. काचा हलवणारा. पुन्हा टक टक टक, आणि बाईंनी तोच सूर मुकाट्याने पुन्हा उचलला, गाणं पुढे गेलं.

भाच्याचा हात मात्र आपोआप हलला होता. साउंडवाल्याचा हात तो. गाण्याच्या मध्ये काही आलं की निवडायचं आणि कापायचं, एवढंच त्याला माहीत. पडद्यावर त्या ओरडण्याचा तुकडा निळा झाला, आणि बोट कापायच्या बटणावर गेलं.

बाईंनी त्याच्या मनगटावर सटकन फटका मारला.

मग त्यांनी माउस स्वतःच्या हातात घेतला. त्यांना त्यातलं काही येत नव्हतं. बाण इकडे गेला, तिकडे गेला, पण अखेर त्यांनी तो निळ्या तुकड्याच्या सुरुवातीला आणला आणि दाबला.

"अरे ए! माणूस इथे जीव तोडून गातोय आणि…"

बाई खुर्चीसकट वळल्या. आता त्या पडद्याकडे नाही, भाच्याकडे बघत होत्या, थेट डोळ्यांत, आणि स्पीकरबरोबर त्यांचे ओठ हलत होते. काय दिलंय तुझ्या हातात, कळतं का तुला? काही कळतं का?

"कळतं, आत्या," भाचा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बाईंनी तुकडा पुन्हा मागे नेला आणि पुन्हा लावला.